सेल्फ मारण्याआधी

ग्वाल्हेरच्या मेळ्यात ट्रॅक्टर बघायला माणसं दुपारी जातात, हेच मुळात चुकतं. जानेवारीतलं कोवळं ऊन, बॉनेटवर झेंडूच्या माळा, बाजूच्या दुकानातून येणारा तळलेल्या पापडांचा वास, आणि विक्रेता किल्ली फिरवतो न फिरवतो तोच इंजिन बोलायला लागतं. बघणारा खूश. अहो, पण सकाळपासून उन्हात तापलेल्या ओतीव लोखंडाला सुरू व्हायला काय झालं? त्या वेळी कुठलंही डिझेल इंजिन गुणीच असतं.

1905 साली माधवराव शिंद्यांनी हा मेळा सुरू केला तो गुरांचा बाजार म्हणून. बैल घेणारा माणूस तेव्हा जनावराचे दात बघायचा, खूर उचलून बघायचा, त्याला बसवून, उठवून, चालवून बघायचा. आता त्याच मेळ्यात वाहनांवर रोड टॅक्सची सवलत मिळते म्हणून झुंबड उडते. दात बघायची अक्कल मात्र कुणी बरोबर आणत नाही. माझे काका आणतात. ते विक्रेत्याला मायलेज, हप्ता, व्याज असलं काही विचारत नाहीत. "रात को ये कहाँ खड़ा रहता है?" एवढंच विचारतात. विक्रेता बावचळतो, यहीं बाहर, म्हणतो. "तो कल सुबह छह बजे आता हूँ. तब तक कोई हाथ मत लगाना." आजवर याला कुणी हो म्हटल्याचं मला आठवत नाही. काकांना तसा ट्रॅक्टर घ्यायचाही नसतो म्हणा. त्यांच्याकडे आहे.

पुण्याच्या नातेवाइकांना इथली थंडी सांगून कळत नाही. ते म्हणतात, आमच्याकडेही यंदा आठपर्यंत उतरलं होतं. उतरलं असेल. आमच्याकडे डिसेंबर संपता संपता पारा तीन-चारवर येतो, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली जातो, आणि मुख्य म्हणजे दिवसासुद्धा तो वर यायला तयार नसतो. धुकं दुपारपर्यंत हटत नाही, दिल्लीकडून येणाऱ्या गाड्यांचा भरवसा राहत नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती एकदा गार झाल्या की फेब्रुवारीपर्यंत गारच. तरी शहरात थंडीची मजा असते. तिळाची गजक असते, रजई असते, तानसेन समारोहात शाल गुंडाळून ऐकलेलं गाणं असतं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जरीच्या साडीवर स्वेटर चढवलेल्या बायका असतात. शेतावरची थंडी वेगळी. तिथे भल्या पहाटे कुणीतरी लोखंडाला हात लावायचा असतो.

काकांची शेती भितरवारच्या बाजूला, हरसी धरणाच्या कालव्याच्या पार शेपटाला. म्हणजे कालव्याचं पाणी आलं तर आलं, नाहीतर आपली विहीर. गहू, मोहरी आणि थोडा वाटाणा. ट्रॅक्टर दोन सिलेंडरचा, 25 एचपीचा. गावात आता पंचेचाळीसच्या खाली कुणी बघत नाही. ट्रॅक्टर किती एचपीचा हे सोयरीक जुळवतानाही विचारलं जातं. काकांचं म्हणणं, जमीन आहे तेवढीच आहे, ट्रॅक्टर मोठा घेतला म्हणून ती ताणली जाणार आहे का? आणि खरं बघायचं तर भारतातला ट्रॅक्टर जन्माला आला तो छोटाच. 1959 च्या सुमाराला जर्मन कंपनीशी हात मिळवून आयशरने फरीदाबादला जो बांधला तो छोटा, आणि दुर्गापूरच्या संशोधन संस्थेत आपल्याच लोकांनी आखलेला, 1974 पासून पंजाबात बनू लागलेला पहिला स्वराजही छोटा. आज पुन्हा 15 एचपीचे, एका सिलेंडरचे ट्रॅक्टर बागायतदारांसाठी निघाले आहेत. मेळ्यात लोक त्यांना खेळणं म्हणून हसतात आणि मुलांना त्यावर बसवून फोटो काढतात.

मी आठवडाभर शहरात, लष्कर भागात, आणि सुट्टीला शेतावर, असं माझं बऱ्याच वर्षांचं आहे. काकांना मूलबाळ नाही, आणि मला ट्रॅक्टर चालवायला आवडतो. ही दोन्ही कारणं खरी आहेत. चालवणं काही अवघड नाही. अवघड असतं ते जानेवारीत सुरू करणं. त्यात जी विद्या आहे ती मी बघत बघत शिकले, आणि का, हे नंतर वाचून समजून घेतलं.

डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. पेट्रोलच्या गाडीत प्लग असतो, तो वेळेवर ठिणगी टाकतो. इथे तसलं काही नाही. नुसती हवा दाबायची, इतकी दाबायची की ती आपली आपणच तापेल, आणि मग त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारायचा. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे: पंप खाली चटका देतो. रुडॉल्फ डिझेल यांनी 1892 साली या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि ऑग्सबुर्गच्या कारखान्यात 1897 साली इंजिन खरोखर नीट चाललं. मधली वर्षं झटण्यात गेली. जर्मनीतल्या हिवाळ्यात झटले असतील, म्हणजे आमचे भाऊबंदच.

आता गणित बघा. आमच्या इंजिनात हवा साधारण सतरापट दाबली जाते. मे महिन्यातल्या पहाटे 30 अंशांची हवा आत आली, तर दाबल्यावर ती कागदावर 540 अंशांच्या आसपास जाते. जानेवारीत 3 अंशांची हवा आली तर 470. बाहेर सत्तावीस अंशांचा फरक, आत सत्तर अंशांचा. बाहेरचा प्रत्येक अंश आत अडीच अंशांनी महाग पडतो. पण गंमत पुढे आहे. डिझेल पेट घ्यायला साधारण 210 अंश पुरतात, मग 470 म्हणजे रग्गड झाले की! मग अडतं कुठे?

अडतं ते असं, की कागदावरच्या गणितात हवेची थोडीच गरमी जाते आणि हवा कुठून निसटत नाही. खऱ्या सिलेंडरच्या भिंती रात्रभर गारठलेल्या असतात. त्या गरमी ओढून घेतात. दट्ट्याच्या रिंगांच्या फटींतून थोडी हवा खाली सटकते. इंजिन झपाट्याने फिरलं तर या दोन्हींना वेळ मिळत नाही. कण्हत कण्हत फिरलं तर मिळतो, आणि हवा पुरेशी तापायच्या आत गरमी निघून गेलेली असते. त्यात डिझेलचे थेंब गार, त्यांची आधी वाफ व्हायला हवी, मग पेट घ्यायचा, आणि हे सगळं दट्ट्या वरच्या टोकाला असतानाच्या निमिषभरात. म्हणून थंडीत ट्रॅक्टर सुरू होणं हा वरवर गरमीचा आणि आतून वेगाचा प्रश्न आहे. सेल्फने, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या मोटरने, इंजिन किती जोरात फिरवलं, यावर सारं ठरतं.

आणि नेमका वेगच थंडीत मार खातो, तोही दोन्हीकडून. बॅटरी म्हणजे रसायन. गारठ्यात तिच्यातली क्रिया मंदावते. शून्याच्या आसपास चांगल्या बॅटरीचाही जवळपास पाचवा हिस्सा जोर गेलेला असतो, जुनी असेल तर विचारूच नका. दुसरीकडे इंजिनाच्या तळाशी, चेंबरमधलं ऑइल घट्ट होऊन बसलेलं, पहाटेच्या ऑइलची डिपस्टिक उचलली की थेंब काकवीच्या वेगाने उतरतो. म्हणजे ढकलणारा दुबळा झाला आणि ढकलायची वस्तू जड झाली. दोन-तीनशे अँपिअर ओढून सेल्फ कसाबसा इंजिन फिरवतो, तो आवाज ऐकला की माझ्या पोटात खड्डा पडतो.

काका तो आवाज ऐकून हात वर करतात. थांब. सेल्फ दहा सेकंदांच्या वर दाबायचा नाही, मग अर्धा-एक मिनिट बॅटरीला सोडून द्यायचं. त्या मिनिटात बॅटरीला थोडी धुगधुगी येते, आणि पहिल्या झटक्यात सिलेंडरमध्ये शिरलेली गरमी जराशी भिंतींत मुरलेली असते. अधीर माणूस सेल्फ दाबूनच धरतो. मग आधी आवाज खाली जातो, मग नुसतं टक्, आणि त्यानंतर शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणि साखळी.

आणखी एक गोष्ट, जी मी बऱ्याच नव्या ड्रायव्हरांना करताना बघत नाही: क्लच पूर्ण दाबून सेल्फ मारायचा. न्यूट्रलमध्ये आहे ना, मग क्लच कशाला, असं वाटतं. पण न्यूट्रलमध्येही गिअरबॉक्सचा मुख्य शाफ्ट त्या घट्ट तेलात फिरत असतो, आणि तो फिरवायचे पैसे बॅटरीच मोजते. क्लच दाबला की तेवढं ओझं गेलं. हँड थ्रॉटल अर्ध्यावर. दिवे बंद. टेप लावलेला असेल तर तोही. (असतोच.)

मग बघायचा धूर. सेल्फ फिरतोय आणि सायलेन्सरमधून काहीच येत नाही, याचा अर्थ डिझेल पोचतच नाही: कॉक बंद आहे, फिल्टर तुंबला आहे किंवा लाइनीत हवा शिरली आहे. अशा वेळी कितीही सेल्फ मारा, उपयोग शून्य. नट ढिला करून, हातपंप मारून हवा काढायची. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर आला तर ती चांगली बातमी असते. ते न जळालेलं डिझेल आहे, धुकं होऊन बाहेर पडतंय. म्हणजे पोचतंय, फक्त पेट घेत नाहीये. गरमी थोडी कमी पडते आहे, एखाद-दुसऱ्या प्रयत्नात घेईल. काका पांढरा धूर बघून चहा टाकायला सांगतात. काही नाही दिसलं तर पाना मागवतात.

शेजारच्या शेतात नवा छोटा ट्रॅक्टर आला आहे, तीन सिलेंडरचा. त्यात हीटर प्लग आहेत. किल्ली अर्धी फिरवायची, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, तो विझला की सेल्फ. बस. त्यांचे सिलेंडर आमच्याहून लहान, आणि लहान पोकळीतल्या हवेला भिंत जास्त भिडते, गरमी लवकर जाते. म्हणून त्यांना प्लगाची गरज. आमच्या इंजिनाला प्लग नाहीत, डिझेल थेट सिलेंडरमध्ये मारलं जातं आणि भांडं मोठं आहे, बनवणाऱ्यांनी एवढ्यावर भागेल असं धरलं. दहा महिने भागतंही. तो पिवळा दिवा बघून मला हेवा वाटत नाही असं नाही.

गावात यावर जे इलाज चालतात त्यांची यादी केली तर एक पुस्तक होईल, आणि त्यातली निम्मी पानं फाडून टाकावी लागतील. सगळ्यांत जुना, इंजिनाखाली जाळ करायचा. भाताचा पेंढा, वाळक्या तुराट्या, टाकायच्या आणि पेटवायच्या. ऑइल पातळ होतं हे खरं, पण वर डिझेलच्या नळ्या, वायरिंग, रबरी सील, आणि चेंबरला लागलेला वर्षांचा तेलकट चिखल. एका जाळाने जन्माची गरमी होते. काकांनी याचा सभ्य अवतार काढला आहे: शेकोटीचे निखारे, ज्वाळा अजिबात नाही, लोखंडी तगारीत भरून चेंबरच्या खाली हातभर अंतरावर, आधी खालचा भाग पुसून घेऊन, आणि शेजारी माणूस बसलेला. अर्धा तास. मला तेही फारसं पसंत नाही, पण काम होतं.

दुसरा इलाज, एअर क्लीनरची नळी काढून तिच्या तोंडाशी जळतं फडकं धरायचं. आत जाणारी हवा तापते, तर्क बरोबर आहे. फडक्याचे जळके तुकडेही आत जातात, त्याचा तर्क कुणी करत नाही. तिसरा, ईथरचा स्प्रे. हा नव्या पोरांचा लाडका. ईथर फार कमी गरमीला भडकतं, दट्ट्या वर यायच्या आतच पेटतं, आणि मग वर जाणाऱ्या दट्ट्यावर वरून घण पडतो. कनेक्टिंग रॉड वाकलेले, रिंगा तुटलेल्या मिस्त्रींच्या दुकानात मी बघितल्या आहेत. हीटर प्लगच्या ट्रॅक्टरवर तर हा स्प्रे मारणं म्हणजे सरळ स्फोटाला आमंत्रण. मिस्त्री म्हणतात, "लत लग जाती है इंजन को." लागते खरी: रिंगा झिजतात, दाब आणखी कमी होतो, पुढच्या थंडीत स्प्रेशिवाय घेतच नाही.

त्यामानाने गरम पाण्याचा उपाय निरुपद्रवी. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी वापरणारे लोक रात्री ते काढून टाकत आणि सकाळी चुलीवरचं पाणी ओतत. मात्र उकळतं नको. थंड ओतीव लोखंडावर उकळतं पाणी पडलं तर इंजिनाचं हेड तडकतं, आणि हेडचा खर्च वाटाण्याच्या हंगामात निघत नाही. हाताला सोसेल इतपत, आणि हळूहळू. आम्ही कूलंट घालतो, त्यामुळे हा प्रकार बंद झाला. काकूंच्या मते गॅसचा एक सिलेंडर त्यामुळे वाचला.

डिझेलबद्दल मात्र गावात कुणी बोलत नाही, आणि मला वाटतं बरीचशी भानगड तिथे असते. डिझेलमध्ये मेण असतं. गारठ्यात ते बारीक कणांनी बाहेर येतं, डिझेल गढूळ दिसतं, आणि ते कण फिल्टरच्या कागदावर जाऊन बसतात. आपल्याकडच्या आयएस 1460 या मानकात हिवाळी आणि उन्हाळी डिझेलची मर्यादा वेगळी ठेवली आहे: डिझेल वाहायचं थांबतं तो अंश हिवाळ्यात 3 च्या वर नसावा, उन्हाळ्यात 15 पर्यंत चालतो. लडाखला एवढ्यानेही भागत नाही, म्हणून इंडियन ऑइलने 2019 मध्ये तिथल्यासाठी उणे 33 अंशांपर्यंत वाहणारं खास डिझेल काढलं. आता आमच्याकडे काय होतं? पेरणीच्या गडबडीत पंपावर रांग नको म्हणून लोक सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच ड्रम भरून ठेवतात. ते डिझेल उन्हाळी. तेच जानेवारीत पाच अंशांना टाकीत जातं, आणि ट्रॅक्टर दोन मिनिटं चालून गप्प होतो. सुरू होऊन बंद पडणं हे त्याचं लक्षण. मग लोक पंपवाल्याला भेसळीवरून शिव्या देतात. भेसळ असतेही कधी, पण नेहमीच नाही.

ही विद्या सकाळची नाहीच, ती आदल्या संध्याकाळची आहे. गावातली माणसं सकाळी ट्रॅक्टरशी झुंजतात, काका संध्याकाळी त्याची निजानीज करतात. काम संपलं की टाकी भरायची. रिकाम्या टाकीतल्या हवेतली ओल रात्री पत्र्यावर थेंब धरते आणि ते पाणी खाली बसतं. फिल्टरखालच्या काचेच्या वाटीत पाणी दिसलं तर लगेच काढायचं. ट्रॅक्टर वाऱ्याच्या आडोशाला, गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून, तोंड उताराकडे करून उभा. म्हशींची ऊब भिंतीतून येते का, याबद्दल आमच्यात मतभेद आहेत. बॉनेटवर जुनी गोधडी आणि तिच्यावर ताडपत्री. उतार कशासाठी, तर बॅटरी अगदीच बसली तर दुसऱ्या गिअरमध्ये टाकून, ट्रॅक्टर उतारावर सोडून, मग क्लच सोडायचा. बॅटरीच्या टर्मिनलवर साचलेली हिरवी-पांढरी भुकटी कोमट पाण्याने धुवायची, घट्ट आवळायची, वरून ग्रीस. अर्थिंगची पट्टीही तपासायची; अर्ध्या वेळा बॅटरी ठणठणीत असते आणि गंज त्या पट्टीखाली असतो. ऑइल दिवाळीच्या आगेमागे बदलायचं, आणि हिवाळ्यापुरतं 20डब्ल्यू-40 च्या जागी 15डब्ल्यू-40. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा, तो जितका लहान तितकं ऑइल गारठ्यात सैल. पुस्तिकेत दोन्ही चालतील असं लिहिलेलं आहे, कुणी वाचत नाही.

एवढ्या पहाटे सुरू करायची घाई कशाला, असं शहरातले विचारतात. ऊन आल्यावर करा. एक तर वाटाणा. तोडलेल्या शेंगा पहाटे मंडईत पोचल्या तर भाव, नऊला पोचल्या तर कृपा. पण खरं कारण पाला, म्हणजे गोठलेलं दव, पडतो ती रात्र. उत्तरेकडून गार वारा दोन-तीन दिवस वाहतो आणि मग एका संध्याकाळी एकदम पडतो. आकाश स्वच्छ, ढगाचा तुकडा नाही, धुकंही नाही. जमिनीची सगळी गरमी वर निघून जाते. हवामान खात्याचा थर्मामीटर साधारण छातीच्या उंचीला असतो; तो चार दाखवतो तेव्हा जमिनीलगत वाटाण्याच्या फुलांवर शून्य असतं. पेशींतलं पाणी गोठतं, आणि सकाळच्या उन्हात फुलं काळी पडून लोंबतात. मोहरीच्या कोवळ्या शेंगांत दाणा भरत नाही.

यावर इलाज एकच भरवशाचा, हलकं पाणी देणं. विहिरीचं पाणी हवेपेक्षा कितीतरी उबदार असतं, पहाटे त्यावर वाफ दिसते, आणि ओली माती गरमी धरून ठेवते, हळूहळू सोडते. मेरेवर काडीकचरा पेटवून धूरही करतात, त्यावर माझा पाण्याइतका विश्वास नाही. पण रात्री थ्री फेजची पाळी आपली असेलच असं नाही. मग पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, पंप जोडायचा आणि ट्रॅक्टर विहिरीवर लावायचा. म्हणजे बघा, वर्षातली जी सर्वांत गार रात्र, जेव्हा ट्रॅक्टर सुरू व्हायची शक्यता सर्वांत कमी, नेमका तेव्हाच तो हवा असतो. मेळ्यातल्या विक्रेत्यांना कुणी हे विचारत नाही.

गेल्या वर्षी अशी रात्र आली. काका संध्याकाळपासून अंगणात फिरत होते. वारा पडला तसे ते म्हणाले, "आज जेवून लगेच झोप. दोनला उठायचंय." पंप दिवसाउजेडीच जोडून ठेवला होता, पीटीओचा शाफ्ट ग्रीस करून. दोनला उठलो तेव्हा चांदणं इतकं लख्ख की टॉर्च पेटवायची गरज नव्हती. ताडपत्री कडक झाली होती, दुमडली की कडकड वाजत होती. शेतावरच्या भैयाने तगारीत निखारे आणले. मी क्लच दाबून बसले. पहिल्या सेल्फला नुसता पांढरा धूर, चांदण्यात दुधी. काका म्हणाले, "हं, आहे. थांब आता." थांबले. मग एका सिलेंडरने घेतलं, धप्प, धप्प, सगळा सांगाडा हलला, दुसरा अजून झोपेतच. अशा वेळी रेस वाढवायचा मोह होतो. काकांनी बोट हलवून नाही म्हटलं. वरपर्यंत ऑइल पोचायला वेळ लागतो, तोवर बेअरिंगा कोरड्या असतात. दुसऱ्यानेही घेतलं. आवाज भरला, धूर विरला. पाचेक मिनिटांनी पीटीओ टाकला आणि पाइपातून पाणी आलं, हातावर घेतलं तर चक्क ऊन लागलं.

भैया म्हणाला, "दीदी, गाँव में आज और किसी का नहीं उठेगा." अर्धवट खरं निघालं. पलीकडे पिवळ्या दिव्यावाल्यांचा आमच्याआधी उठला होता.

सकाळी वरचा सगळा वाटाणा वाचला होता. खालचा सखल वाफा गेला. गार हवा जड असते, उतारावरून वाहत तिथे जाऊन साचते, आणि पाणी तिथे पोचेस्तोवर पाच वाजून गेले होते. मोहरीचं कळायला आणखी काही आठवडे गेले. काकांनी यंदा त्या वाफ्यात वाटाणा घेतलाच नाही, गहू टाकला.

त्या रात्री बॅटरीने दम धरला त्याचं श्रेय काकांच्या मते टर्मिनलांना आहे, माझ्या मते ऑइलला. खरं श्रेय बहुधा काकूंचं. डिसेंबर लागला की बॅटरी रात्री घरात येते, आणि हा वाद घरात फार वर्षं चालू आहे. काकांचा मूळ बेत तिला चुलीशेजारी ठेवायचा होता. तो मीच हाणून पाडला. चार्ज झालेल्या बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, चुलीजवळ तो कशाला? मग देवघराजवळची जागा सुचवली गेली, ती काकूंनी फेटाळली. "अ‍ॅसिड आहे त्यात. अ‍ॅसिड घेऊन देवापाशी बसायचं?" शेवटी माजघरात, पलंगाखाली, लाकडी पाटावर तिची सोय झाली. पाहुण्यांची बोटं ठेचतात, काकू मुरांब्याच्या बरण्या हलवाव्या लागल्या म्हणून ऐकवतात, काका रोज ती काढतात आणि रोज पहाटे पाना घेऊन पुन्हा जोडतात.

यंदा नवी बॅटरी घेतली, मोठी. काका म्हणाले, आता आत आणायची काही गरज नाही, ही बाहेर टिकेल. काकू लगेच, "अहो, एवढे पैसे घातलेत, आणि बाहेर कुडकुडत ठेवायची?" तेव्हा ती आतच आहे. मात्र खाली जो पाट लावलाय तो लक्ष्मीपूजनाचा, आणि तो परत कधी मिळणार, हे काकूंना अजून कुणी सांगितलेलं नाही.